निरोप पोचला, पण कळला का?



गाळप हंगाम सुरू झाला की आमच्या शेतकी खात्याला दोनच गोष्टी दिसतात. एक तोड आणि दुसरा निरोप. ऊस एका शिवारात उभा, टोळी दुसऱ्या गावात, आणि कारखान्याच्या गव्हाणीला तर रोजचा ऊस हवाच. या तिघांची गाठ घालतो तो निरोप. पूर्वी तोडीची चिठ्ठी घेऊन चिटबॉय सायकलवर गावोगाव फिरे. आता चिठ्ठी मोबाइलवर येते. काम सोपे झाले असे आम्हीही समजून चाललो होतो.

मागील एका हंगामात शहापूरकडच्या एका ज्येष्ठ सभासदांच्या प्लॉटवर टोळी गेली. पाहते तो काय, आदल्याच दिवशी उसाला पाणी दिलेले! रानात चिखल, ट्रॉली आत जाईना. मुकादमाने टोळी पुढच्या गावाला हलवली. पुन्हा पाळी यायला बरेच दिवस गेले. पक्व झालेला ऊस तोडीविना उभा राहिला की वजनाला उतरतो आणि उताराही घसरतो, हे आम्ही तुम्हाला सांगायला नको. नुकसान सभासदाचे झाले आणि कारखान्याचेही.

आम्ही कार्यालयात नोंद काढून पाहिली. "संदेश पोचला" असे तिथे स्वच्छ लिहिलेले. मग त्यांच्या घरी गेलो, तेव्हा उलगडा झाला. नोंदीतला नंबर मुलाचा, आणि मुलगा नागपूरला कामाला. त्याने संदेश पाहिला, पण तो कशाचा हे त्याला उमगले नाही. ते गृहस्थ आम्हाला रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, निरोप तुमच्या मशिनीतून गेला असेल जी, पण माझ्या कानापर्यंत कुठं आला?"

या एका प्रश्नाने आमची झोप उडाली. पुढे वाचनात आले की हाच प्रश्न एका प्राध्यापकाने आपल्या महाराष्ट्रातल्या खेड्यांत फार पूर्वी विचारला होता, आणि त्याचे उत्तरही काढले होते. ती हकिगत सर्वांना कळावी म्हणून हा लेखप्रपंच.

व्हिएन्नाचा माणूस, मराठी खेडी

या प्राध्यापकांचे नाव पॉल नॉयराथ. जन्म १९११ चा, गाव ऑस्ट्रियातील व्हिएन्ना. शिक्षण कायद्याचे. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि नॉयराथांना पकडून डाखाऊच्या आणि नंतर बुखेनवाल्डच्या छळछावणीत टाकले. १९३९ साली सुटका झाल्यावर ते स्वीडनमार्गे अमेरिकेत पोचले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी समाजशास्त्राचा प्रबंध लिहिला. विषय कोणता? तर त्याच छावण्यांतील माणसांचे आपसांतले जीवन. जे सोसले तेच अभ्यासाला घेतले. त्याच विद्यापीठात पॉल लाझार्सफेल्ड हे रेडिओ ऐकणाऱ्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणारे मोठे संशोधक होते. त्यांच्या हाताखाली नॉयराथ तयार झाले. पुढे न्यूयॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात ते प्राध्यापक झाले, आणि १९५५ च्या सुमारास मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत पाहुणे अध्यापक म्हणून आले.

याच वेळी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर एक मोठा प्रयोग ठरत होता. कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे चालत. रेडिओ ऐकायचा, मग सर्वांनी बसून चर्चा करायची, आणि ठरेल ते करायचे, अशी त्यांची रीत. युनेस्कोच्या मदतीने तीच रीत आपल्याकडे लावून पाहायची ठरली. आकाशवाणीचे महासंचालक तेव्हा जगदीशचंद्र माथुर होते. हिंदीतले नाटककार तेच हे. १९५६ च्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत, दहा आठवडे, पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत ही शेती मंडळे बसली. आठवड्यातून दोन वेळा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण २० कार्यक्रम. प्रत्येक मंडळात वीसेक माणसे. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि चर्चा करायची. निमंत्रकाने चर्चेचा अहवाल आणि गावाचे प्रश्न लिहून आकाशवाणीला पाठवायचे. त्या प्रश्नांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांत मिळत.

खोकी मोजली नाहीत

प्रयोगाचा हिशेब मांडण्याचे काम नॉयराथ आणि टाटा संस्थेच्या मंडळींकडे आले. आता किती गावांत रेडिओ बसले, किती कार्यक्रम झाले, एवढे मोजूनही छान अहवाल झाला असता. आमच्या "संदेश पोचला" या नोंदीसारखा! नॉयराथांनी तसे केले नाही. त्यांनी तीन तऱ्हेची गावे निवडली. मंडळ असलेली काही, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी काही, आणि रेडिओच नाही अशी काही. प्रयोगाच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा माणसे पाठवून तिथल्या लोकांना प्रश्न विचारले. ज्या विषयांवर कार्यक्रम झाले त्यांतले तुम्हाला काय ठाऊक आहे?

निकाल असा लागला की मंडळाच्या गावांत लोकांची माहिती चांगलीच वाढली. रेडिओ नसलेल्या गावांत ती फारशी वाढली नाही, हे कोणीही सांगेल. पण बरं का मंडळी, जिथे रेडिओ होता आणि मंडळ नव्हते, तिथेही ती जेमतेमच वाढली! खोके तेच, पण वीस माणसे शेजारी बसून बोलली तिथे ऐकलेले अंगी लागले. शिवाय बरीच मंडळे पाहता पाहता गावाचे निर्णय घेऊ लागली, ठरवलेली कामे करू लागली, असेही नॉयराथांना आढळले.

माथुर आणि नॉयराथ या दोघांचे या प्रयोगावरील पुस्तक युनेस्कोने १९५९ साली छापले. त्याच वर्षी ही मंडळे देशभर नेण्याचे ठरले. संख्या वाढली, पण पुण्याच्या प्रयोगामागची देखभाल सगळीकडे काही गेली नाही. बिघडलेला संच दुरुस्त होईना, पाठवलेल्या प्रश्नांना वेळेवर उत्तर येईना. ज्या मंडळाच्या पत्राला उत्तर नाही ते किती दिवस बसणार? हळूहळू ती चळवळ ओसरली. नॉयराथ २००१ साली वारले. त्यांनी लिहून ठेवले म्हणूनच आज आपल्याला हे कळते. अशा विद्वानांच्या अभ्यासाचा शेतकऱ्याला उपयोग काय, असे विचारणाऱ्यांना आमचे हेच उत्तर.

वारणेचा धडा

ही झाली रेडिओची गोष्ट. आता आपल्याच धंद्यातली पाहू. १९९८ साली कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील वारणा खोऱ्यात, वारणा सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातील ७० गावांसाठी संगणकाची योजना आली. गावातल्या केंद्रात संगणक, आणि तो टेलिफोनच्या तारेने कारखान्याला जोडलेला. बाजारभाव, शेतीसल्ला, सरकारी कागद, सगळे गावातच मिळावे असा मोठा संकल्प होता.

काही वर्षांनी बंगलोरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्रातले राजेश वीरराघवन, नाग यशोधर आणि केंतारो तोयामा हे अभ्यासक तिथे गेले. संगणकावर प्रत्यक्षात काय चालते ते त्यांनी पाहिले. तेव्हा दिसले की त्याचा वापर जवळपास सगळा कारखान्याशी होणाऱ्या साध्या देवघेवीपुरता आहे. त्यांनी सात गावांत आठ महिने तेच काम मोबाइलच्या लघुसंदेशावर करून पाहिले. खर्च कमी आला, सोय वाढली आणि शेतकऱ्यांनाही ते जास्त पसंत पडले. पुढे वीरराघवन आणि तोयामा दोघेही अमेरिकेत विद्यापीठांत अध्यापक झाले. २०१५ च्या आपल्या पुस्तकात तोयामांनी मांडलेले सूत्र सोपे आहे. यंत्र माणसांतली मुळातली शक्ती वाढवते, पण नसलेली शक्ती निर्माण करीत नाही.

आपल्या भाषेत सांगायचे तर, आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? कार्यालयाला सभासदाचे ऐकायची सवय असेल तर मोबाइल ती दसपट करील. ती नसेल, तर मोबाइल नुसता "संदेश पोचला" म्हणत राहील.

आता आपण काय करायचे

नॉयराथांच्या हिशेबाप्रमाणे पाहिले तर आम्ही इतके दिवस खोकी मोजली, हे कबूल करतो. त्या सभासदांचे नुकसान आम्हाला भरून देता येत नाही. पुन्हा तसे होऊ नये एवढे मात्र आपल्या हाती आहे.

पहिली गोष्ट. ऊस नोंदीच्या वेळी गट कार्यालयात दिलेला नंबर कोणाचा, तो माणूस गावात राहतो का, चिठ्ठी त्याला वाचता येते का, हे आम्ही विचारणार. आपणही ते न विचारता सांगावे. शेतात राबणाऱ्या घरच्या बाईचा नंबर असला तर फारच उत्तम. पाणी कधी तोडायचे हे पुष्कळदा तिलाच आधी ठाऊक असते.

दुसरी गोष्ट. तोडीचा संदेश गेल्यावर चिटबॉयने फोन करून "कळले का?" असे विचारायचे, आणि सभासदाने "रान कोरडे आहे, वाट मोकळी आहे" असे सांगितल्यावरच टोळी हलवायची.

तिसरी गोष्ट मोलाची. शहापूरला महिन्यातून एक संध्याकाळ ऊस लावणाऱ्यांनी एकत्र बसायचे. धानाच्या मुलखात ऊस करणाऱ्याला शेजारच्या बांधावर सल्ला मिळतोच असे नाही, म्हणून ही बैठक हवी. बेणे, खोडवा, खत, बिल, काय वाटेल ते बोला. प्रश्न वहीत लिहिले जातील, आणि पुढच्या बैठकीत पहिल्यांदा त्या वहीतली उत्तरे वाचून मगच नवा विषय निघेल. उत्तर आणले नाही तर आम्हाला उभे करून जाब विचारा.

असो. निरोप धाडणे हे आमचे काम, आणि तो कळला की नाही हे विचारणे हेही आमचेच काम. विचारल्यावर खरे सांगणे तेवढे आपले.

आपला,
ऊस विकास अधिकारी