नोलाच्या नावावर पुस्तक नव्हतं

वेलिंग्टनच्या बंदरावरून चालत गेलं की पाण्याच्या कडेने काँक्रीटच्या मोठमोठ्या पाट्या बसवलेल्या दिसतात. त्यांवर न्यूझीलंडमधल्या लेखकांचे शब्द आहेत. त्यातली एक पाटी लॉरिस एडमंडची. या शहरात कुणी निव्वळ योगायोगाने राहू शकत नाही, इथे माणसाला काहीतरी करावंच लागतं, असा तिच्या ओळींचा सूर आहे. वेलिंग्टनचा वारा सोसलेल्या कुणालाही ते पटेल. पण ही बाई पन्नाशी उलटेपर्यंत एकाही पुस्तकाविना राहिली होती, हे ठाऊक असलं की त्या ओळींचा ठामपणा जरा तपासून पाहावासा वाटतो. योगायोगावर एवढा राग कुणाला येतो? ज्याचं बरंचसं आयुष्य दुसऱ्यांच्या सोयीने ठरलं त्यालाच.

लॉरिसचा जन्म 1924 चा. लहानपणी, 3 फेब्रुवारी 1931 रोजी, तिने हॉक्स बेचा भूकंप पाहिला. 256 माणसं गेली त्यात. नेपियर शहर जवळजवळ नव्याने बांधावं लागलं. पुढे शिक्षिकेचं प्रशिक्षण, 1945 मध्ये ट्रेव्हर एडमंडशी लग्न, सहा मुलं, आणि रुआपेहू ज्वालामुखीच्या पायथ्याचं ओहाकुने हे छोटं गाव. नवरा शिक्षक, त्याची जिथे नेमणूक तिथे बिऱ्हाड. कविता ती लिहीत असे, पण घरातली कामं आटोपल्यावर. पहिला संग्रह ‘इन मिडल एअर’ 1975 मध्ये आला, तेव्हा ती एक्कावन्न वर्षांची होती. पहिल्या पुस्तकाचं पारितोषिक मिळालं, आणि त्याच वर्षी तिची मुलगी रेचेल गेली. ‘वेलिंग्टन लेटर’ ही 1980 मधली कवितामाला त्या दुःखातून आली. 1985 मध्ये तिला राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला.

मग तिने आत्मचरित्राचे तीन खंड लिहिले, 1989 ते 1992 या काळात. त्यांत लग्नातून हळूहळू बाहेर पडत स्वतःचं आयुष्य हाती घेणारी बाई दिसते. न्यूझीलंडमधल्या कितीतरी स्त्रियांना ते आपलंच वाटलं. इथवर गोष्ट सरळ आहे. पण 1992 मध्येच तिचा मुलगा मार्टिन एडमंड याचं पुस्तक आलं आणि त्याचं नावच होतं ‘द ऑटोबायोग्राफी ऑफ माय फादर’. वडिलांचं आत्मचरित्र मुलाने लिहायचं! ट्रेव्हर 1990 मध्ये वारला होता. त्याचा तिसरा खंड नव्हता, पहिलाही नव्हता. एकाच घरातलं एकच आयुष्य एका पुस्तकात सुटका म्हणून येतं आणि दुसऱ्यात ओसाड पडत गेलेलं घर म्हणून. दोन्ही पुस्तकं मला खरी वाटतात. नशीब आणि निवड यांवर लिहिणाऱ्याने ती शेजारी शेजारी ठेवून वाचावीत.

आता त्याच 1924 साली, दक्षिण बेटावरच्या ड्युनेडिनमध्ये जन्मलेली दुसरी मुलगी. जॅनेट फ्रेम. वडील रेल्वेत, घरात गरिबी, गाव ओमारू. मोठी बहीण मर्टल 1937 मध्ये पोहण्याच्या तलावात बुडाली. दहा वर्षांनी धाकटी इझाबेल पिक्टनला बुडाली. एका आईच्या दोन मुली एकाच तऱ्हेने जाव्यात, याला आपल्याकडे काय म्हटलं असतं ते सांगायला नको. जॅनेट शिक्षिका व्हायला निघाली आणि मनोरुग्णालयात पोचली. स्किझोफ्रेनिया, असं निदान झालं. पुढची आठेक वर्षं अधूनमधून इस्पितळांत गेली आणि तिच्याच हिशोबाने दोनशेहून अधिक विजेचे झटके दिले गेले.

ड्युनेडिनजवळच्या सीक्लिफ इस्पितळात शेवटी मेंदूची शस्त्रक्रिया ठरली. ल्युकोटॉमी: मेंदूच्या पुढच्या भागाचे धागे तोडायचे म्हणजे रुग्ण शांत होतो, असा तेव्हाचा समज. आईने संमतीपत्रावर सही केली होती. दरम्यान जॅनेटचा पहिला कथासंग्रह ‘द लगून’ क्राइस्टचर्चच्या कॅक्स्टन प्रेसने काढला होता, आणि त्याला ह्यूबर्ट चर्च पारितोषिक जाहीर झालं. इस्पितळाचे प्रमुख डॉ. ब्लेक पामर यांनी ती बातमी वर्तमानपत्रात वाचली. शस्त्रक्रिया रद्द झाली. बक्षीस मिळवणारं डोकं उघडायचं कशाला, एवढाच तो विचार असावा.

ही गोष्ट न्यूझीलंडमध्ये वारंवार सांगितली जाते. साहित्याने जीव वाचवला याचा दाखला म्हणून ती सांगायला सोपी, ऐकायला गोड. पुढचंही सगळं त्यात नीट बसतं: ऑकलंडच्या टाकापुना भागात लेखक फ्रँक सार्जेसनने आपल्या आवारातली झोपडी तिला लिहायला दिली, 1957 मध्ये पहिली कादंबरी आली, लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयाच्या डॉक्टरांनी तिला स्किझोफ्रेनिया कधी नव्हताच असं सांगितलं. 1990 मध्ये जेन कॅम्पियनने तिच्या आत्मचरित्रावर चित्रपट काढला.

पण फ्रेमने स्वतः ही गोष्ट सांगताना एक माणूस मध्ये उभं केलं आहे. नोला. त्याच इस्पितळातली तिची मैत्रीण. नोलाच्या नावावर पुस्तक नव्हतं, तिला पारितोषिक मिळालं नव्हतं, तिचं नाव वर्तमानपत्रात छापून आलं नव्हतं. नोलाची शस्त्रक्रिया झाली. फ्रेमच्या आत्मचरित्रातली ही थोडकी पानं मला तिच्या सुटकेच्या प्रसंगापेक्षा मोठी वाटतात. नोला काढून टाकली तर उरते ती गुणवत्तेच्या विजयाची कथा. नोला आली की कळतं, ती सुटका म्हणजे एका बातमीची वेळ होती. आपण वाचलो हे लिहिताना, जी वाचली नाही तिला त्याच पानावर जागा द्यायची, हे फार थोड्यांना सुचतं.

कविता फ्रेमने आयुष्यभर केल्या, पण हयातीत संग्रह एकच, ‘द पॉकेट मिरर’, 1967 चा. बाकीच्या कागदांचा ढीग ती एका जुन्या टबात टाकत असे. तो कधीकाळी कलहंसांच्या आंघोळीला वापरलेला, म्हणून 2004 मधल्या तिच्या मृत्यूनंतर निघालेल्या संग्रहाचं नाव ‘द गूझ बाथ’. त्याला देशातलं मोठं काव्यपारितोषिक मिळालं. बक्षिसाने एकदा तिचं डोकं वाचवलं होतं; हे दुसरं घ्यायला ती नव्हती.

आपल्याकडे मराठीत नशीब आणि निवड या विषयाची तयारी कितीतरी आधीपासून आहे. संचित, प्रारब्ध, क्रियमाण असे कर्माचे हिशोब आहेत. बाळाच्या सहाव्या रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते म्हणून पाटाशी कागद-लेखणी ठेवण्याची रीत आहे. ‘गीतरामायणा’त चित्रकूटावर राम भरताची समजूत घालतो तीही दैवाच्याच आधाराने. एवढी भरलेली कोठारं हाताशी असल्याचा एक तोटा होतो. मराठी कवीला आयुष्यावर लिहायचं म्हटलं की पहिल्याच कडव्यात ललाटरेषा येते आणि मग पुढे तपशील लागतच नाही. कुणी सही केली, कुणी नाही, कोणत्या दिवशी, कोणत्या खोलीत, हे सगळं दैवाच्या खात्यावर जमा.

बहिणाबाई चौधरी याला अपवाद. तिशीच्या आसपास वैधव्य आलेली ही बाई ज्योतिष्याला आपल्या दारी येऊ नकोस म्हणते. माझं दैव मला कळतं, हा तिचा दावा आहे, आणि त्यात हातावरच्या रेषांपेक्षा हाताने केलेलं काम जास्त आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या बहिणाबाईंच्या ओव्या घरच्यांनी उतरवून घेतल्या होत्या. 1951 मध्ये त्या गेल्यावर त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, ते बाड आचार्य अत्र्यांना दाखवलं, आणि 1952 मध्ये पुस्तक आलं. इथेही एक बाड, एक वाचणारा, एक वेळ. खानदेशातल्या ज्या बायांच्या घरी लिहून घेणारा मुलगा नव्हता, त्यांच्या ओव्या जात्यापाशीच राहिल्या.

आता एक अवघड नाव. जेम्स के. बॅक्स्टर. न्यूझीलंडचा सर्वांत गाजलेला कवी. वडील पहिल्या महायुद्धात शस्त्र धरायला नकार देऊन छळ सोसलेले. दारू सुटली, कॅथलिक झाला, 1958 मध्ये युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर भारतात येऊन गेला. मग 1968 मध्ये त्याला आदेश झाला, असं तो सांगे, की व्हांगानुई नदीकाठच्या हिरुहारामा या माओरी खेड्यात जा. तो गेला. अनवाणी, दाढी वाढवून. भरकटलेली तरुण मुलं त्याच्याभोवती जमली, तिथे लिहिलेली सुनीतं 1970 मध्ये आली, आणि 1972 मध्ये सेहेचाळिसाव्या वर्षी तो वारला. संन्याशाच्या कथेला लागतं ते सगळं आहे.

घरी कोण राहिलं? त्याची बायको, जॅकी स्टर्म. जन्म 1927, तारानाकीतलं ओपुनाके, जन्मनाव ते कारे पापुनी. आई बाळंतपणानंतर लगेच गेली. आजीने काही वर्षं सांभाळलं, मग स्टर्म नावाच्या कुटुंबाने वाढवलं आणि नाव दिलं. तिने तत्त्वज्ञानात एमए केलं. तिच्या कथांचं हस्तलिखित 1966 मध्ये तयार होतं, प्रकाशक मिळेना. नवऱ्याला आदेश झाला तेव्हा घर, नोकरी, पोरंबाळं हे सगळं तिच्याकडे. वेलिंग्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयात तिने वर्षानुवर्षं काम केलं. कथासंग्रह 1983 मध्ये एका स्त्रियांच्या गटाने काढला, आणि पहिला कवितासंग्रह ‘डेडिकेशन्स’ 1996 मध्ये, म्हणजे जवळपास सत्तराव्या वर्षी. 2019 मध्ये बॅक्स्टरची पत्रं छापली गेली. त्यात बायकोवर बलात्कार केल्याचं त्याने स्वतः लिहिलेलं सापडलं. तोवर तिला जाऊन दहा वर्षं झाली होती. आज हिरुहारामाच्या कविता वाचताना तो आदेश कुणाच्या जिवावर पाळला गेला हे बाजूला ठेवता येत नाही, ठेवूही नये.

स्टर्मचं बालपण वाचलं की मराठी वाचकाला नारायण सुर्वे आठवणारच. मुंबईच्या रस्त्यावर सापडलेलं मूल, गंगाराम आणि काशीबाई सुर्वे या गिरणी कामगारांनी वाढवलं, आडनाव दिलं. पुढे गंगाराम निवृत्त होऊन गावी गेले, मुलगा मुंबईतच राहिला, वाढला. 1962 मध्ये ‘ऐसा गा मी ब्रह्म’, 1966 मध्ये ‘माझे विद्यापीठ’. सुर्व्यांच्या कवितेत नशिबाची तक्रार शोधून काढावी लागते, कारण तिथे माणसांचीच इतकी गर्दी आहे. तिथे कवी कधी एकटा दैवाशी बोलत बसत नाही.

हे सगळं इथल्या मराठी माणसांसाठी दूरचं नाही. न्यूझीलंडने 1991 मध्ये स्थलांतरासाठी गुण मोजायची पद्धत आणली: वय, शिक्षण, अनुभव. आपल्यातले बहुतेक त्या गणितातून आले. ऑक्टोबर 2023 मध्ये कुशल कामगारांच्या वर्गात निवासासाठी सहा गुणांची अट आली. सटवाईची सहावी रात्र आणि इमिग्रेशनचे सहा गुण, हा विनोद ऑकलंडच्या एखाद्या मराठी घरी अजून झाला नसेल तर नवल. गंमत अशी की नोंदणी, पगाराचा आकडा, पदवी, सगळं कागदावर मोजलेलं असूनही दिवाळीच्या फराळाला जमलेली मंडळी ‘इथे यायचं नशिबात होतं’ असंच म्हणतात.

आणि या मंडळींत लिहिणारे पुष्कळ. कविता बहुधा विमानतळाची, आईच्या हाताची, अंगणातल्या प्राजक्ताची असते. निघणाऱ्याने निघतानाची लिहिलेली. त्यात नाशिकला किंवा सांगलीला राहिलेला भाऊ क्वचित येतो. ज्याचा अर्ज भरायचा राहून गेला, किंवा ज्याने भरलाच नाही कारण दोघांपैकी एकाला थांबणं भाग होतं. वडिलांच्या अँजिओप्लास्टीच्या रात्री इस्पितळाच्या बाकावर बसलेली वहिनी येत नाही. तिला तर कुणी विचारलंही नव्हतं. आपण निवडलं, ते त्यांच्या वाट्याला आलं. ही कविता दादाला वाचून दाखवायची म्हटलं तर कुठली ओळ आपण गाळू, तिथून लिहायला सुरुवात करावी. आणि मार्टिन एडमंडसारखं एखादं मूल उद्या दुसरी बाजू लिहायला बसलंच, तर इमिग्रेशनचे कागद, दादाची पत्रं आणि वहिनीची औषधांची वही त्याच्यासाठी जपून ठेवावी.