हिमनदीसमोर गरम सूप

अलास्कातल्या ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात प्रवासी जहाज मार्जरी हिमनदीसमोर येऊन जवळजवळ तासभर थांबतं. समोर पाण्यातून वर आलेली सुमारे ७५ मीटर उंचीची बर्फाची भिंत असते. तिचा एखादा कडा कधी कोसळेल याचा काही नेम नसतो. तो पाच मिनिटांत कोसळेल, नाहीतर पन्नास मिनिटांनी, आणि ज्याला तो बघायचा आहे त्याला डेकवर उभं राहण्याशिवाय गत्यंतर नाही. काचेआडच्या उबदार दिवाणखान्यातून भिंत दिसते, पण आधी होणारा कडकडाट आणि नंतर येणारा घुमारा बाहेरच ऐकू येतो. इथले मूळ रहिवासी असलेले ट्लिंगिट लोक या आवाजाला ‘पांढरा गडगडाट’ म्हणतात.

हॉलंड अमेरिका लाइनच्या जहाजांवर नेमक्या याच वेळी नाळेवरच्या मोकळ्या डेकवर वाफाळत्या वाटाण्याच्या सुपाचे कप फिरू लागतात. कंपनीची स्थापना १८७३ साली रॉटरडॅममध्ये झाली, आणि सूपही तिकडचंच. हिरव्या वाटाण्याची डाळ, डुकराचं मांस, गाजर, कांद्याच्या जातीतला लीक आणि सेलरीचा कंद हे सगळं मंद आचेवर तासन् तास शिजत ठेवतात. डाळ पार विरघळते आणि सूप इतकं दाटतं की त्यात चमचा उभा राहावा. वरून धुरी दिलेल्या सॉसेजच्या चकत्या. घरी ते राय या धान्याच्या काळपट पावाबरोबर खातात, आणि दुसऱ्या दिवशी ते जास्त चांगलं लागतं याबद्दल डच माणसांचं एकमत असतं.

बर्फावर उभं राहून सूप पिण्याची सवय डच लोकांना जहाजांच्या आधीपासूनची. कालवे गोठले की स्केटिंग करणाऱ्यांसाठी थेट बर्फावर छोटे ठेले लागतात आणि तिथे हे सूप, गरम चॉकलेट, बडीशेपेसारख्या स्वादाचं दूध मिळतं. फ्रीसलँड प्रांतातली अकरा शहरं जोडणारी जवळपास २०० किलोमीटरची प्रसिद्ध स्केटिंग शर्यत १९०९ साली सुरू झाली. शेवटची १९९७ साली झाली, कारण त्यानंतर पुरेसा जाड बर्फच धरलेला नाही. मायदेशी बर्फ दुर्मीळ झाला, आणि बर्फावरचं सूप अलास्कात मात्र टिकून आहे.

दाटपणाचा आणखी एक फायदा आहे. पातळ द्रवात गरम थर वर आणि थंड थर खाली असं अभिसरण सतत चालू राहतं, त्यामुळे तो लवकर निवतो. दाट सुपात ही उलथापालथ मंदावते, म्हणून वाऱ्यातही ते बराच वेळ गरम राहतं.

अटलांटिक ओलांडणाऱ्या जुन्या जहाजांवरची रीत वेगळी होती. सकाळी अकराच्या सुमारास डेकवरच्या आरामखुर्च्यांच्या रांगांमधून स्टुअर्ड ट्रे घेऊन फिरत आणि लोकरी रग पायांभोवती गुंडाळून बसलेल्या प्रवाशांना मांसाचा निवळ, खारट रस देत. जात आपल्या कोल्हापुरी अळणीचीच, पण हा रस बहुधा गोमांसाचा असे. त्यासाठीच्या कपाला दोन कान असतात. हलत्या जहाजावर आणि गारठलेल्या बोटांना दोन्ही हातांनी कप धरता येणं ही मोठी सोय होती. व्हिक्टोरियन काळात हाच रस आजाऱ्यांना देत. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं मात्र त्यात पोषण फारसं नाही असं बजावलं होतं. रग, आरामखुर्ची, मोकळी हवा आणि घोटघोट रस हा सगळा थाट आजारातून उठलेल्या माणसाच्या शुश्रूषेचा होता, आणि समुद्र लागलेल्यांना खरोखर तोच हवा असे.

मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून विलायतेला जाणाऱ्या पी अँड ओच्या बोटींवरही ही अकराची वेळ पाळली जाई. थंड समुद्रात गरम रस, तर उष्ण कटिबंधात आइस्क्रीम. ट्रे घेऊन फिरणारे स्टुअर्ड बहुतेक गोव्याचे असत. आजही जगभरच्या क्रूझ जहाजांच्या स्वयंपाकघरांत आणि भोजनगृहांत गोव्याची आणि महाराष्ट्राची कितीतरी मुलं राबतात.

या एका कपानं अंगात ऊब कितपत येते? हिशेब सोपा आहे. ६० अंशांचं २०० मिलिलिटर सूप शरीराच्या तापमानाला येईपर्यंत जेमतेम ५ किलोकॅलरी उष्णता देतं. ७० किलो वजनाच्या माणसाचं तापमान एका अंशानं वाढवायला ५८ किलोकॅलरींच्या आसपास लागतात. म्हणजे वाढ अंशाच्या दहाव्या भागाइतकीही होत नाही. तरीही बरं वाटतं ते खोटं नसतं, कारण तळहात, ओठ आणि घशातल्या नसांना ऊब तत्काळ जाणवते. शिवाय थंडीत लघवी वाढते, कोरड्या वाऱ्यात श्वासावाटे पाणी जातं आणि तहान मात्र कमी लागते. खारट, गरम पेय ही तूट भरून काढतं. दारूचं उलट आहे. तिच्यामुळे कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गाल गरम लागतात आणि शरीराच्या आतली उष्णता बाहेर निघून जाते.

वाऱ्याचा वाटा तर फारच मोठा. हवा ५ अंशांवर असताना जहाज ताशी २८ किलोमीटरनं, म्हणजे १५ नॉटनं चाललं की निव्वळ त्याच्या वेगानं उठणाऱ्या वाऱ्यात उघड्या कातडीला शून्य अंशाइतकं गार लागतं. अशा वाऱ्यात माणूस थोड्याच वेळात आत पळतो. सुपाचं खरं काम इथे आहे. ते त्याला आणखी वीस मिनिटं कठड्यापाशी थांबवून ठेवतं. इतक्या लांब येऊन, इतका खर्च करून हिमनदी काचेतून बघावी लागू नये, ही काळजी त्या कपात आहे. म्हणूनच जहाजावरच्या शाही जेवणांपेक्षा त्याचं मोल जास्त. शाकाहारी प्रवाशांनी मात्र वेगळं सूप आधीच मागून ठेवावं, कारण नेहमीच्या सुपात डुकराचं मांस असतं.

अंटार्क्टिकात हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं सुटतो. लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी १९६६ साली तिथे पर्यटक नेले, तेव्हापासून तिथली गर्दी वाढली आणि नियमही आले. एका ठिकाणी एका वेळी शंभराहून जास्त प्रवासी उतरवत नाहीत, आणि किनाऱ्यावर खाद्यपदार्थ नेऊ देत नाहीत. त्यामुळे गरम चॉकलेटचं भांडं जहाजावरच ठेवलेलं असतं. रबरी होड्यांमधून तुकड्या-तुकड्यांनी परतणारे प्रवासी आधी बूट जंतुनाशकात धुतात आणि मग कपाकडे वळतात.