‘स्कल्ले’ : कवटी, टाळके आणि काही तोतये नातलग

स्वीडिश भाषेतील ‘स्कल्ले’ या शब्दापुढे कोशात ‘कवटी’ असा अर्थ दिलेला असल्याने तो शरीरशास्त्राचा किंवा स्मशानकळा असलेला शब्द असावा, असा समज होतो. वस्तुतः वैद्यकात लॅटिनमधून आलेला ‘क्रानियुम’ चालतो, विषाच्या बाटलीवरील कवटीला ‘दोदस्कल्ले’, म्हणजे मृत्यूची कवटी, असे जोडशब्दाने वेगळे सांगितले जाते, आणि नुसता ‘स्कल्ले’ बोलण्यात बहुधा जिवंत माणसाच्या डोक्यालाच, मराठी ‘टाळके’च्या वजनाने, लावला जातो. खर्चाची वाटणी ‘पेर स्कल्ले’ होते, आणि मराठीतील ‘दरडोई’ नेमके याच घडणीचे आहे, फक्त ते सरकारी कागदात जाऊन बसले. ‘दुम्स्कल्ले’ म्हणजे मठ्ठ, ‘फ्लिन्तस्कल्ले’ म्हणजे टकलू. आस्त्रिद लिंडग्रेन यांच्या १९८१च्या ‘रोन्या’ या कादंबरीतील म्हाताऱ्या दरोडेखोराचे ‘स्कल्ले-पेर’ हे नावही त्याच्या टकलाकडेच बोट दाखवते.

‘दान्स्क स्कल्ले’, शब्दशः ‘डॅनिश कवटी’, हा डेन्मार्कच्या लोकांच्या डोक्याविषयीचा शेरा वाटतो खरा, पण मारामारीत समोरच्याच्या तोंडावर कपाळ हाणण्याला ते नाव आहे, आणि मारणारा स्वीडिश असला तरी धडक डॅनिशच राहते, हा शेजारधर्म म्हणावा लागेल.

सर्वांत चिवट गैरसमज मात्र ‘स्कोल’विषयीचा आहे. पेला उंचावताना उच्चारला जाणारा हा शब्द ‘स्कल्ले’पासून निघाला, कारण व्हायकिंग शत्रूच्या कवटीतून मद्य पीत, असे सांगितले जाते, परंतु ‘स्कोल’चा मूळ अर्थ वाडगा, आणि कवटीच्या पेल्यांची कथा पसरण्यास ओले वोर्म या डॅनिश पंडिताच्या १६३६च्या ग्रंथातील चुकीचे भाषांतर बरेचसे कारणीभूत ठरले. जुन्या नॉर्स काव्यात वस्तूचे नाव न घेता ती कूटरूपाने सुचवण्याची रीत होती. त्या रीतीने एका कवीने प्राण्याच्या कवटीतून फुटलेल्या वाकड्या फांद्या, अर्थात पिण्याची शिंगे, वर्णिली होती, आणि भाषांतरात फांद्या गळून कवट्या तेवढ्या उरल्या.

हरवलेल्या माणसाच्या शोधासाठी लोक रांग धरून जंगल विंचरतात, त्या ‘स्कल्गोंग’चेही कवटीशी नाते नाही: त्यातील ‘स्कल’ म्हणजे आवाज, गलका, आणि पूर्वी गावकरी अशीच रांग धरून, आरडाओरडा करीत, लांडग्यांना हाकून काढीत.