रूळ तुटतो तेव्हा चाक किती पुढे जातं?

दौंड–मनमाड मार्गावरचं पुणतांबा हे तसं लहान जंक्शन. शिर्डीचा फाटा इथूनच फुटतो. हिवाळ्यातल्या रात्री अशा फलाटावर उभं असताना मालगाडी न थांबता गेली, तर कधी कधी चाकांच्या नेहमीच्या घरघरीत एक वेगळा ठोका ऐकू येतो. ठक्, ठक्, ठक्, अगदी तालात. हा रुळांच्या सांध्यांचा आवाज नाही. हल्ली मुख्य मार्गांवर रूळ बहुतेक वेल्ड करून सलग जोडलेले असतात. हा चपट्या झालेल्या चाकाचा आवाज. ब्रेक जाम होऊन चाक न फिरता रुळावर घासत गेलं, की त्याचा थोडा भाग सपाट होतो आणि मग दर फेऱ्याला ते रुळावर हातोड्यासारखं आदळतं. मीटरभर व्यासाचं चाक, ताशी ६० किलोमीटरचा वेग, म्हणजे सेकंदाला पाचेक ठोके.

आता समजा, रुळाच्या तळाशी आधीपासून एक बारीक भेग आहे. यातला एखादा ठोका तो रूळ तोडेल का? तोडला तर किती वेळात?

आघाताखाली वेगाने धावणाऱ्या भेगांचं सिम्युलेशन करायचं म्हटलं की नवे विद्यार्थी पहिल्यांदा विचारतात, "कुठलं सॉफ्टवेअर वापरू?" मीही हेच विचारलं होतं. पण त्याआधी कागदावर एक हिशेब करायचा असतो: या प्रश्नात घड्याळं किती आहेत आणि कुठलं किती वेगाने चालतंय?

६० किलोच्या (म्हणजे मीटरला ६० किलो वजनाच्या) रुळाची उंची १७२ मिलिमीटर. पोलादात दाबलहरीचा वेग सेकंदाला साधारण ५,९०० मीटर. म्हणजे लहर रुळाच्या माथ्यापासून तळापर्यंत सुमारे २९ मायक्रोसेकंदांत पोहोचते. हे पहिलं घड्याळ. दुसरं ठोक्याचं. चाकाचा सपाट भाग ५० मिलिमीटर आणि गाडी ताशी १०० किलोमीटरने, तर तो भाग रुळावरून जायला १.८ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात लहर रुळात तीसेक वेळा वरखाली करून मोकळी! कानाला तो ठोका कितीही कडक वाटू दे, भेगेच्या दृष्टीने तो सावकाश येणारा भार आहे. त्यामुळे भेग सुटेल की नाही, एवढं बघायला साधा स्थिर हिशेब पहिल्या अंदाजापुरता चालतो.

तो करूनच बघू. रूळ ४० अंशांना ताणरहित बसवला आणि रात्री तो १० अंशांपर्यंत उतरला. सलग रुळाला आकसायला जागा नाही, त्यामुळे दर अंशामागे जवळपास २.४ मेगापास्कल, म्हणजे एकूण ७१ मेगापास्कलचा ओढ-ताण. तळाशी १० मिलिमीटर खोल भेग धरली, तर तिच्या टोकाशी ताण-तीव्रता येते सुमारे १४ मेगापास्कल-रूट-मीटर. रुळाचं पोलाद साधारण ३० ते ४० पर्यंत तग धरतं. म्हणजे नुसत्या थंडीने रूळ तुटत नाही. पण ठोक्याने रूळ वाकून तळाला आणखी १०० मेगापास्कल मिळाले, की आकडा ३४ वर जातो. काठावर! थंडीच्या रात्री गस्तवाले रुळावरून का चालतात, ते या दोन आकड्यांच्या बेरजेत आहे.

भेग एकदा सुटली की मात्र तिसरं घड्याळ सुरू होतं. तिचा वेग सेकंदाला हजार मीटर धरा (ठिसूळपणे तुटणाऱ्या पोलादात हा अवास्तव नाही). १७२ मिलिमीटर कापायला तिला ०.१७ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात गाडी किती पुढे जाते? पाच मिलिमीटरही नाही. चाक जिथे आदळलं तिथेच असतं आणि खाली रुळाचे दोन तुकडे झालेले असतात. या टप्प्यात जडत्व आणि लहरी सोडून चालत नाही.

याच्या उलट टोकाचं उदाहरण म्हणजे काल्थॉफ आणि विंकलर यांचा प्रयोग. दोन खाचा असलेल्या पोलादी पाटीच्या कडेवर, खाचांच्या मधोमध, वेगाने प्रक्षेपक मारायचा. कमी वेगाला भेग खाचेच्या रेषेशी साधारण ७० अंशांचा कोन करून ठिसूळपणे धावते. वेग वाढवला की तुटण्याची तऱ्हाच बदलते आणि कातर-पट्टा तयार होतो. आपला कोड तपासायला जवळपास सगळेच याचा पहिला भाग वापरतात, आघाताचा वेग सेकंदाला १६.५ मीटर घेऊन. तिथे सगळा खेळ शंभरेक मायक्रोसेकंदांत संपतो, त्यामुळे सुरुवातीपासूनच लहरींचं राज्य.

आता माझी फजिती. एक मिलिमीटरची मेश घेतली तर एक्स्प्लिसिट पद्धतीत वेळेची पायरी ०.१७ मायक्रोसेकंदापेक्षा मोठी ठेवता येत नाही. एका घटकातून लहर पार व्हायला लागणारा वेळ ही तिची मर्यादा. मेश दहापट बारीक केली की त्रिमितीत घटक हजारपट आणि पायऱ्या दहापट, म्हणजे काम दहा हजारपट. माझं एक गणित दोन दिवस चालायचं. मी मास स्केलिंग लावलं, घनता शंभरपट केली आणि पाच तासांत उत्तर हातात! भेगेचा वेग १८० च्या वर जाईना. मी खुशीत प्रगती-अहवालात लिहूनही टाकलं की या पोलादात भेग हळू धावते.

सरांनी आलेख पाहिला आणि विचारलं, "रुळाचं पोलाद इतकं जड कधीपासून झालं?"

घनता शंभरपट केली की लहरींचा वेग दहापट कमी होतो. उघडी भेग रेले लहरीच्या वेगाला ओलांडू शकत नाही. पोलादात ही मर्यादा साधारण २,९०० मीटर प्रति सेकंद, माझ्या मॉडेलमध्ये ती २९० झाली होती. मी पोलादाचा गुणधर्म शोधला नव्हता, स्वतःच घातलेला लगाम मोजला होता. चित्र मात्र सुरेख होतं, रंगीत, अगदी शोधनिबंधात छापण्यासारखं. सिम्युलेशनमध्ये हाच धोका आहे. भेग चुकली तरी ती भेगेसारखीच दिसते.

मेशचंही तसंच. तुटलेले घटक काढून टाकायची पद्धत सोपी, पण भेग घटकांच्या ओळी धरून जाते. मेश ३० अंश फिरवून पुन्हा चालवा. भेगही वळली, तर ती मेशची भेग. फेज-फील्डमध्ये हा त्रास बराच कमी, कारण भेग थोड्या रुंदीत पसरवलेली असते. पण त्या रुंदीत निदान दोन-चार घटक बसले पाहिजेत, की पुन्हा तोच दहा हजारपटीचा हिशेब.

सध्या मी गणिताचे दोन भाग करतो. भेग सुटेपर्यंतचा १.८ मिलिसेकंदाचा भाग इम्प्लिसिट पद्धतीने, मोठ्या पायऱ्यांनी. ती सुटली की तिथून एक्स्प्लिसिट, खऱ्या घनतेने, फक्त शेवटचे तीनशे मायक्रोसेकंद. दोन दिवसांऐवजी साधारण दहा तास लागतात, आणि वेगाचा आलेख काढताना २,९०० वर एक आडवी रेघ आधीच मारून ठेवतो.