केसाची साक्ष आणि सरकारचे दप्तर

कोर्टात गोरगरिबांची बाजू घेऊन उभे राहिलो की आम्हाला पहिला सवाल ऐकावा लागतो : पुरावा काय? नदीकाठचा माणूस या सवालापुढे गप्प होतो. कारखान्याने विष सोडले तेव्हा ना पंचनामा झाला, ना कुणी पावती दिली. पण पाऱ्याच्या विषाची नोंद माणसाच्या डोक्यावरच होत असते. ती नोंद म्हणजे त्याचे केस.

नदीत सोडलेला पारा गाळात बसतो. तेथले जिवाणू त्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. तो माशांत साठतो आणि माशांतून माणसाच्या रक्तात येतो. रक्तातला पारा काही महिन्यांत उतरतो; केस तयार होताना त्यात अडकलेला मात्र तेथेच राहतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे बारा सेंटिमीटर केसात वर्षभराचा हिशेब! डोक्याच्या मागची बट कातडीलगत कापायची, मुळाकडच्या टोकाला खूण करायची आणि तुकड्या-तुकड्याने तपासायची. अनेक वर्षांचा हिशेब हवा असेल तर त्याच माणसाचे केस पुन्हा पुन्हा तपासावे लागतात.

अशी तपासणी कॅनडात झाली. ओंटारियो प्रांतात ग्रासी नॅरोज ही अनिशिनाबे आदिवासींची वस्ती आहे. नदीच्या वरच्या अंगाला ड्रायडन येथील कागद कारखान्याच्या आवारातून १९६२ ते १९७० या काळात सुमारे नऊ टन पारा नदीत गेला. १९७० मध्ये व्यावसायिक मासेमारी बंद झाली. विष दुसऱ्याने सोडले, रोजगार मात्र आदिवासींचा बुडाला!

१९७० ते १९९७ या काळात सरकारने या लोकांचे केस आणि रक्त तपासले. १९७५ साली मिनामाताच्या रोग्यांचा अभ्यास केलेले जपानचे डॉ. मासाझुमी हाराडा तेथे गेले; त्यांना तीच लक्षणे दिसली. १९८६ साली भरपाईसाठी मंडळ झाले, पण अनेकांचे अर्ज फेटाळले गेले. पुढे २०२० साली संशोधकांनी ६५७ जणांच्या जुन्या नोंदी त्यांच्या आयुर्मानाशी ताडून प्रसिद्ध केल्या. ज्यांच्या एका ग्रॅम केसात एकदा तरी १५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त पारा आढळला होता, ते इतरांपेक्षा कमी जगले होते.

म्हणजे केसांनी साक्ष केव्हाच दिली होती. ती दप्तरात पडून राहिली आणि माणसे मरत राहिली. शरीर आदिवासींचे, कागद सरकारचा! ज्ञान एकाच्या कुलपात आणि भोग दुसऱ्याच्या नशिबी, ही रीत आपल्याला नवी आहे काय?

१९२७ साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तो माणूसपणाचा हक्क होता. त्या ओंजळीतले पाणी विषारी आहे की नाही, हे जाणण्याचा हक्क त्याच लढ्याचा पुढचा भाग आहे.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. आपल्या वस्तीत कोणी केसांचे वा रक्ताचे नमुने घ्यायला आले तर विरोध करू नका. पण नाव, तारीख आणि खाल्लेल्या माशांची नोंद आपल्या वहीतही ठेवा. प्रत्येकाचा निकाल त्याच्या हातात, त्याच्या भाषेत मागा. सरकारी खाते देत नसेल तर २००५ चा माहिती अधिकार कायदा वापरा. तथागतांनी ‘या आणि पाहा’ असे सांगितले. ‘आम्ही पाहिले, तुम्ही गप्प बसा’ असे नव्हे.

केस आपला आहे. त्याची साक्षही आपल्याच हाती असली पाहिजे.