ॲपमध्ये ‘८० टक्के पाऊस’ दिसतो, तरी भाताचा राब का वाळतो?

जून २०२३ ची गोष्ट. मी डोंबिवलीत घरी लॅपटॉपवर काम करत होतो आणि मुरबाड तालुक्यातून मामाचा फोन आला. “अरे, तुझ्या मोबाईलमध्ये पाऊस काय म्हणतोय? राब पेरू का आठवडाभर थांबू?” मी ॲप उघडलं. पुढचे चार दिवस ढगाचं चित्र आणि खाली ८०%. मी म्हणालो, “पेर मामा, बिनधास्त.”

मामाने पेरलं. पाऊस आलाही, पण दोन हलक्या सरी. बी रुजलं, हिरवे कोंब वर आले आणि मग कडक ऊन पडलं. आठवड्यात सगळं पिवळं. मुंबईत मान्सून त्या वर्षी थेट २५ जूनला पोहोचला. नेहमीची तारीख ११ जून. मामाला पुन्हा बियाणं आणावं लागलं, लावणी लांबली. तो मला एक शब्द बोलला नाही, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. ॲप खोटं बोललं नव्हतं. मला ते वाचता येत नव्हतं. तुमच्याही फोनमध्ये तोच आकडा आहे, म्हणून हा लेख.

आधी राब म्हणजे काय ते समजून घेऊ

आपल्या ठाणे जिल्ह्यात भात थेट शेतात न पेरता आधी छोट्या तुकड्यात रोपं तयार करतात. उन्हाळ्यात त्या जागेवर पालापाचोळा, शेण, काटक्या पसरून भाजतात. यालाच राब भाजणं म्हणतात. त्यामुळे तणाचं बी मरतं. मग पेरणी होते आणि साधारण २१ ते २५ दिवसांची रोपं उपटून चिखलात लावतात. एका एकराच्या लावणीला ४ गुंठ्यांचा राब पुरतो. म्हणजे अख्ख्या एकराचं भवितव्य या ४ गुंठ्यांवर.

मामा धूळवाफेवर पेरतो, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत. कोरडं बी मातीत शांत पडून राहतं. थोडं पाणी मिळालं की मात्र ते जागं होतं आणि एकदा कोंब फुटला की परत झोपत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर इथे ‘अनडू’चं बटण नाही. त्यामुळे अजिबात पाऊस नाही यापेक्षा अर्धवट पाऊस जास्त घातक.

८०% म्हणजे नक्की किती?

बऱ्याच जणांना वाटतं, ८०% म्हणजे ‘जोरदार पाऊस’. तसं नाही. हवामानाचं मॉडेल सुरुवातीची स्थिती किंचित बदलून पुन्हा पुन्हा चालवतात. युरोपच्या हवामान केंद्रात असं ५१ वेळा चालवतात. त्यातल्या ४० च्या आसपास वेळा पाऊस दिसला तर शक्यता झाली ८०%. पण ‘पाऊस दिसला’ कधी म्हणायचं? अमेरिकेच्या हवामान खात्याची मर्यादा आहे जेमतेम पाव मिलिमीटर! आपलं हवामान खातं ‘पावसाचा दिवस’ मोजताना २.५ मिमीची अट लावतं. म्हणजे टक्का सांगतो पडेल की नाही. किती पडेल, ते सांगतच नाही.

आता गणित करू

१ मिमी पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी. एक गुंठा साधारण १०० चौरस मीटर. म्हणजे ४ गुंठ्यांवर ३ मिमीची सर आली तर १२०० लिटर पाणी मिळालं. ऐकायला भरपूर वाटतं ना?

पण जूनच्या कोरड्या, कडक दिवशी जमिनीतून सुमारे ५ मिमी पाणी उडून जातं. म्हणजे रोज २००० लिटर, बिल्डिंगच्या गच्चीवरच्या १००० लिटरच्या दोन टाक्या. जमा १२००, खर्च २०००. एका दिवसात खातं रिकामं. कोवळ्या कोंबाचं मूळ तेव्हा बोटाच्या पेराएवढं, खालच्या ओलीपर्यंत ते पोहोचतच नाही. कोरडवाहू पिकांसाठी कृषी विभाग ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं का सांगतो, ते या हिशेबातून कळतं.

माझी दुसरी चूक

ॲप लोकेशन कुठलं दाखवत होतं? डोंबिवलीचं! कारण फोन माझ्या हातात होता. मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडून गणित करतं. हवामान खात्याच्या जागतिक मॉडेलचा चौकोन तेव्हा १२ किलोमीटरचा होता. (मे २०२५ मध्ये आलेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टम’चा ६ किलोमीटरचा आहे.) डोंबिवली खाडीकाठी, मामाचं गाव माळशेजच्या बाजूला. दोन्ही एका चौकोनात येणं शक्यच नाही.

मग फोनवर काय बघायचं?

१. लोकेशन हाताने टाका. गाव शेतीचं हवं, तुमचं नव्हे.

२. टक्के सोडा, मिलिमीटर बघा. पुढच्या पाच दिवसांची बेरीज करा आणि कोरडे दिवस किती ते मोजा. सलग तीन-चार कोरडे दिवस दिसले तर सावध.

३. ‘मेघदूत’ ॲप टाका. हवामान खात्याचं आहे, मराठीत आहे. जिल्ह्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो.

४. पुढच्या दोन-तीन तासांसाठी अंदाजापेक्षा हवामान खात्याच्या साइटवरचं मुंबई रडारचं चित्र बघा. तिथे प्रत्यक्ष पडणारा पाऊस दिसतो.

५. विहीर किंवा बोअर असेल तर पाण्याची सोय आधीच करून ठेवा. ४ गुंठ्यांना दिवसाला २००० लिटर, हा आकडा आता तुमच्याकडे आहे. अख्खं एकर भिजवणं कठीण, पण राब वाचवता येतो.

आणि मग आलं २०२५

त्या वर्षी मान्सून मुंबईत २६ मेलाच हजर! दोन वर्षांत जवळपास महिन्याचा फरक. जमीन वाफशावर येईना, त्यामुळे धूळवाफेचा प्रश्नच संपला. मामाने रहू पद्धत धरली: बी भिजवून, मोड आणून चिखलात फेकायचं. इथे धोका उलटा. जोराचा पाऊस आला तर बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं.

मामाचा फोन आला. या वेळी त्याने ‘पाऊस येईल का’ विचारलं नाही. म्हणाला, “दोन दिवसांत किती मिलिमीटर, ते सांग. टक्के तुझ्याकडेच ठेव.” मी गावाचं नाव टाकलं आणि बघितलं. हवामान खातं दिवसाला ६४.५ मिमीच्या पुढे गेलं की ‘मुसळधार’ म्हणतं. दुसऱ्या दिवशीचा आकडा त्याच्या जवळ होता, त्यानंतरचे दोन दिवस हलके. मी सांगितलं, “मामा, परवा पेर.”

तो थांबला. मोड आलेलं बी सावलीत गोणपाटाखाली ठेवलं आणि परवा पेरलं. दहा दिवसांनी राबाचा फोटो आला, एकसारखा हिरवा. खाली काहीच लिहिलं नव्हतं. मी तो फोटो अजून डिलीट केलेला नाही.