तीन किलोत काय काय बसतं?

तुमचं वजन किती? समजा, तीस किलो. मग तुमच्या पाठीवर तीन किलोंपेक्षा जास्त ओझं नको. हे मी नाही, राज्य सरकार म्हणतं. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर जाऊ नये, असं सरकारने २०१५ साली शाळांना बजावलं होतं. (तुमच्या दप्तराचं काय, ते आत्ता विचारत नाही.)

आता असं समजा, की तुम्ही नाशिकच्या सातपूरला राहता. ऑगस्टची रात्र आहे, पाऊस दोन दिवस थांबलेला नाही. गल्लीत महापालिकेची गाडी येते आणि भोंग्यावरून सांगते, की नंदिनी नदीचं पाणी चढतंय, खालच्या भागातल्या लोकांनी घरं सोडून शाळेत यावं. हाताशी दहा मिनिटं आहेत. तुमच्या तीन किलोत काय घ्याल?

हा प्रश्न घरात विचारून बघा, मजा येते. दादा म्हणणार मोबाइल आणि चार्जर. बाबा कपाटातल्या फायली काढायला धावतील. धाकटी मांजराला शोधत बसेल. आणि आजी लोणच्याची बरणी घेऊन दारात तयार! दहा मिनिटांत डोकं नीट चालत नाही. म्हणून ती पिशवी आधीच, एखाद्या निवांत रविवारी, भांडणं करत भरून ठेवायची असते.

सातपूरच का निवडलं? कारण इथे नद्या आणि कारखाने दोन्ही शेजारी आहेत. उत्तरेला गोदावरी आणि तिच्यावरचं गंगापूर धरण. वस्तीतून वाहणारी नंदिनी. जुनी माणसं तिला नासर्डी म्हणतात. आणि आजूबाजूला एमआयडीसी. पावसाळ्यात नाशिकच्या पेपरात रोज येतं, 'गंगापूरमधून इतके क्युसेक विसर्ग'. क्युसेक म्हणजे एका सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण २८ लिटर. म्हणजे दहा हजार क्युसेक सोडले, की दर सेकंदाला दोन लाख ऐंशी हजार लिटर पाणी खाली येतं. दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर, एका सेकंदात! पंचवटीत नदीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, गळ्याला आलं, यावरून नाशिककर पूर मोजतात. सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६, ऑगस्ट २०१९ हे त्यांच्या लक्षात राहिलेले महापूर. नंदिनीजवळ मात्र असा मारुती नाही, आणि नद्या छोट्या असल्या की पाणी चढायला वेळही कमी लागतो.

तर पिशवी. सुरुवात पाण्यापासून करू, कारण गणित तिथेच फसतं.

एका माणसाला प्यायला आणि थोड्या वरकामाला दिवसाला तीन लिटर पाणी धरा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. झालं! तुमचे तीन किलो एका दिवसाच्या पाण्यातच संपले, बिस्किटाचा पुडासुद्धा बसला नाही. इंटरनेटवरच्या याद्या तर तीन दिवसांचं पाणी न्या म्हणतात. चार माणसांचं कुटुंब, तीन लिटर, तीन दिवस, एकूण छत्तीस किलो. हे घेऊन जिना उतरून दाखवा.

माझं मत विचाराल तर त्या याद्या लांब लांब घरं असलेल्या देशांसाठी बनल्यात. सातपूरमध्ये पूर आला तर तुम्ही जंगलात जाणार नाही, महापालिकेच्या शाळेत नाहीतर समाजमंदिरात जाणार. तिथे संध्याकाळपर्यंत कुठलं तरी मंडळ खिचडीचं पातेलं घेऊन येतं. म्हणून प्रत्येकाकडे एक लिटरची बाटली, आणि नंतर मिळेल ते पाणी पिण्याजोगं करायची सोय. ही सोय पाण्यापेक्षा कितीतरी हलकी असते. क्लोरीनच्या थेंबांची छोटी बाटली किंवा गोळ्या, आणि आजीची जुनी साडी.

हो, साडी. रीटा कोलवेल नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या खेड्यांमध्ये एक प्रयोग केला, तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. कॉलऱ्याचे जंतू इतके बारीक, की कापडातून सहज निसटतात. पण तळ्याच्या पाण्यात ते एकेकटे कमी आणि सूक्ष्म जलचरांना चिकटून जास्त असतात. हे जलचर जंतूंच्या मानाने चांगलेच मोठे. सुती साडीची निदान चार पदरी घडी करून पाणी गाळलं, की जलचर वर अडकतात आणि त्यांच्यासोबत पुष्कळसे जंतूही. अशा गाळण्याने तिथला कॉलरा जवळजवळ निम्मा झाला. आणि गंमत म्हणजे नव्या साडीपेक्षा जुनी बरी! धुऊन धुऊन तिचे धागे पिंजारतात आणि मधली भोकं लहान होतात. अर्थात नुसतं गाळून भागत नाही. गाळल्यावर क्लोरीनचे थेंब टाकायचे, अर्धा तास थांबायचं आणि मग प्यायचं. आधी गाळायचं, कारण पाण्यात गाळ असला तर क्लोरीन जंतूंऐवजी गाळावरच खर्ची पडतं.

पाण्याजवळच ओआरएसची चार पाकिटं ठेवा. एक पाकीट वीस-बावीस ग्रॅमचं असतं आणि एक लिटर पाण्यात विरघळवायचं असतं. जुलाब झाले, की शरीरातलं पाणी आणि मीठ निघून जातं, आणि नुसतं पाणी प्यायलं तर आतडं ते पुरेसं आत घेत नाही. आतड्याच्या पेशींवर एक फाटक असतं. ते एकट्या मिठाला किंवा एकट्या साखरेला उघडत नाही, दोघं जोडीने आले की उघडतं, आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत शिरतं. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात लाखो माणसं घरं सोडून भारतात आली. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबिस यांनी साखर, मीठ आणि सोड्याची पाकिटं बनवली, पिंपात पाणी कालवलं आणि नातेवाइकांनाच सांगितलं, की पाजत राहा. दर शंभर रुग्णांमध्ये तीसेक जण दगावत होते, ते चारच्याही खाली आले. घर सोडून निघालेल्या माणसांनीच जगाला दाखवून दिलेलं औषध आहे ते. वीस ग्रॅमचं!

आता खाऊ. इथे तुम्ही वरचढ असणार. नियम सोपा आहे. चूल लागायला नको, पाणी फारसं लागायला नको, आणि थोड्या वजनात जास्त ताकद हवी. म्हणून मॅगी बाद. भात बाद, कारण शिजलेल्या भातात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. नाशिकचा चिवडा? मलाही वाईट वाटतं, पण खारट, तिखट खाऊन तहान लागते आणि पाणी तर आपण एकच लिटर घेतलंय. शेंगदाण्याची चिक्की मात्र पहिल्या क्रमांकाची. शंभर ग्रॅममध्ये जवळपास पाचशे कॅलरी. कारण दाण्यात तेल असतं, आणि एक ग्रॅम तेलातून नऊ कॅलरी मिळतात, तर साखरेतून चारच. चिक्की टिकते कशी? गूळ पाणी घट्ट धरून ठेवतो, जंतूंना वाढायला ते मिळतच नाही. मनुकांचंही तसंच. चार किलो द्राक्षं वाळली, की साधारण एक किलो मनुका होतात. तीन किलो पाणी उन्हाने उचलून नेलेलं असतं, तुम्हाला पाठीवर न्यावं लागत नाही. आणि पोहे! टरफलासकटचा तांदूळ भिजवून, भाजून, कुटून पोहे होतात. म्हणजे ते आधीच शिजलेले असतात, थोड्या पाण्याने नुसते भिजवले तरी खाता येतात.

बाकीच्या वस्तू भराभर सांगतो. टॉर्च, आणि त्याचे सेल टॉर्चच्या बाहेर, वेगळ्या पिशवीत, नाहीतर गळून आतलं सगळं गंजतं. मेणबत्ती नको. आजोबांची रोजची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी. ज्याला चष्मा आहे त्याचा जुना चष्मा. ताईचे सॅनिटरी पॅड. कागदपत्रांच्या झेरॉक्स प्लास्टिकमध्ये गुंडाळून. सुट्या नोटा, कारण वीज गेली की एटीएमही गप्प. छोटा रेडिओ असला तर फार छान. मोबाइल टॉवरवर सगळे एकदम बोलायला लागले की तो तुंबतो, पण रेडिओ ऐकणारे हजार असोत की दहा लाख, आकाशवाणीला काही फरक पडत नाही.

आणि शिट्टी. दहा-बारा ग्रॅमची वस्तू, पण तिच्यावर मी सबंध लेख लिहिला असता. ओरडून ओरडून घसा बसतो, शिट्टी वाजवायला मात्र नुसता श्वास पुरतो. शिवाय ती आपल्या कानाच्या आवडीच्या सुरात वाजते. बाहेरच्या कानापासून पडद्यापर्यंतची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. एका टोकाला बंद असलेल्या नळीत ज्या लहरीची लांबी नळीच्या चौपट, तिचा आवाज सगळ्यात जास्त घुमतो. चौपट म्हणजे दहा सेंटिमीटर. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. ३४० ला ०.१ ने भागा. ३४००! सेकंदाला तीन-चार हजार कंपनांचा आवाज आपल्याला सगळ्यात चटकन ऐकू येतो, आणि पुष्कळ शिट्ट्या नेमक्या त्याच्या आसपास वाजतात. पावसाच्या धो धो आवाजातही ती वेगळी ऐकू येते. (शिट्टी घरात वाजवून बघू नका. आईने हा लेख वाचलेला नसेल.)

आता सातपूरची दुसरी बाजू. एमआयडीसीत कुठे वायुगळती झाली तर? तेव्हा ही सगळी पिशवी बहुतेक कोपऱ्यातच राहणार. रस्त्यावर धावत सुटण्यापेक्षा दारं-खिडक्या लावून, फटींना ओले कपडे कोंबून घरात थांबणं कितीदा तरी जास्त सुरक्षित असतं. थांबायचं की निघायचं हे वायू कुठला आणि वारा कुठला यावर ठरतं. हवेचा रेणू सरासरी २९ वजनाचा धरला तर क्लोरीनचा ७१. म्हणून क्लोरीन जमिनीलगत सरपटतो, खड्ड्यात आणि तळघरात साचतो. तो गळला तर वरच्या मजल्यावर जाणं बरं. बर्फाच्या कारखान्यांत आणि मोठ्या शीतगृहांत वापरतात तो अमोनिया १७ चा, म्हणजे हलका. पण गळताना तो इतका गार असतो, की थोडा वेळ तोही खालीच रेंगाळतो. अमोनिया पाण्यात भसाभस विरघळतो, म्हणून नाकातोंडावर ओला रुमाल धरला तर थोडाफार फायदा होतो. पिशवीत रुमाल वरच ठेवा. आणि निघायला सांगितलंच तर वाऱ्याच्या पुढे पळायचं नाही, वारा ज्या दिशेने वाहतोय तिला आडवं जायचं. कारखान्यांच्या छपरांवर पट्ट्यापट्ट्यांची, वाऱ्याने फुगणारी कापडी पिशवी लावलेली असते, ती याचसाठी. उद्या शाळेत जाताना शोधून काढा.

सातपूरच्या घरांची आणखी एक अडचण आहे, ती कुठल्या यादीत सापडत नाही. बाबा फर्स्ट शिफ्टला, आई जनरलला, ताई क्लासला. सगळे एका वेळी घरी असण्याचा योग रविवारीच. मग पिशवी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून काय उपयोग? घरी एकटे तुम्हीच असाल, तर तुमचा हात पोहोचेल तिथे, दाराजवळ, आणि शेजारी बंद बूट. बूट कशाला? लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या आत झाला, बहुतेक माणसं झोपेत होती. भूकंपात पिशवीकडे धावायचं नसतं, टेबलाखाली शिरायचं. पण हलायचं थांबल्यावर अंधारात, फुटलेल्या काचांवरून अनवाणी बाहेर पडायचं नसेल तर बूट जवळ हवेत. घरच्यांनी भेटायची जागाही आधी ठरवा, एक गल्लीतली आणि एक लांबची. ती जागा, दोन फोन नंबर आणि संकटकाळचा ११२ एका कागदावर लिहून प्रत्येकाच्या पिशवीच्या कप्प्यात टाका. फोनची बॅटरी संपली, की आईचा नंबर किती जणांना पाठ असतो? तुम्हाला आहे?

अजून पिशवी जड वाटतेय? मग जून महिन्यात त्र्यंबक रस्त्यावर उभे राहा. संत निवृत्तीनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघते आणि सातपूरवरून पुढे पंढरपूरला जाते. वारकऱ्यांच्या खांद्याकडे बघा. कितीतरी दिवस चालायचं असतं, पण खांद्यावर जवळजवळ काहीच नाही. पाणी, औषध, एखादी शाल, पावसाचा कागद. जड सामान दिंडीच्या ट्रकमध्ये. आपल्या मागे ट्रक येणार नाहीये, एवढाच फरक.

सगळं भरल्यावर काट्यावर ठेवा आणि दोनशे ग्रॅम मोकळे सोडा. प्रत्येकाचे दोनशे ग्रॅम, स्वतःच्या मनाच्या वस्तूसाठी. काय घ्यायचं ते कुणी विचारायचं नाही. छोटी बाहुली, पत्त्यांचा कॅट, एखादा फोटो. परक्या शाळेच्या वर्गात, सतरंजीवर झोप येत नसते तेव्हा ओळखीची वस्तू हातात असली की बरं वाटतं, मोठ्यांनासुद्धा. आजी देव्हाऱ्यातला बाळकृष्ण घेणार असेल तर सांभाळा. पितळ पाण्याच्या साडेआठपट जड असतं. लिंबाएवढा भरीव बाळकृष्ण दोनशे ग्रॅमच्या पुढे जातो, आणि मग आजीला तुमच्या वाट्यातले काही ग्रॅम उधार द्यावे लागतील.

मग संध्याकाळी दिवे बंद करा, पिशवी पाठीवर घ्या आणि जिना उतरून कोपऱ्यापर्यंत जाऊन या. पहिल्या फेरीनंतर काय बाहेर काढलंत आणि काय नव्याने आत गेलं, ते आम्हाला लिहून पाठवा. वजनासकट. पोहे, मनुका आणि सेल दर सहा महिन्यांनी बदलायचे. एकदा पावसाळ्याच्या तोंडाशी, एकदा दिवाळीनंतर. चिक्की सहा महिने टिकेल का, हे मात्र तुमच्या घरावर अवलंबून आहे.